शेरा लिहिण्याआधी आपली नजर तपासा

भोसरी एमआयडीसीत मी सत्तावीस वर्षं क्वालिटीत काढली. मी कराडकडची. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून १९९५ साली इन्स्पेक्टर म्हणून लागले, तेव्हा आमच्या अख्ख्या शेडमध्ये मी एकटी बाई होते. पंपाचे आणि ब्रेकचे सुटे भाग आम्ही मशीन करून द्यायचो. आता नव्याने सुपरवायझर झालेल्या मुलामुलींना शिकवते आणि प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारते: व्हर्नियर, म्हणजे माप घ्यायची जबड्यांची पट्टी, हातात घेतला की आधी काय करता? सगळे एका सुरात सांगतात, "झिरो बघतो." जबडे मिटवून शून्यावर शून्य येतंय का हे पाहिल्याशिवाय कुणी पार्टला व्हर्नियर लावत नाही. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे अचूकता तपासल्याच्या, स्टिकरवरची तारीख उलटली असेल तर ते मापाचं साधन, तो गेज, वापरायचाच नाही, हेही सगळ्यांना पाठ असतं. मग मी विचारते, "माणसाबद्दल मत बनवताना झिरो कधी बघितलात?" त्यावर वर्ग गप्प होतो.

मीही कधी बघितला नव्हता. त्याची किंमत दुसऱ्याने मोजली, म्हणून ती गोष्ट आधी सांगते.

बार्शीकडचा एक मुलगा प्रेस शॉपमधून आमच्या मशीन शॉपला बदलून आला. वय चोवीस-पंचवीस. हाक मारली तर ओ द्यायचा नाही. काम सांगितलं की मान हलवायचा आणि वेगळंच करून ठेवायचा. एकदा सेकंड शिफ्टला बोअरचा, म्हणजे पार्टमधल्या भोकाच्या मापाचा, ऑफसेट मशीनवर बदलायला सांगितला, तर पठ्ठ्याने अर्ध्या शिफ्टचा माल जुन्याच सेटिंगवर काढला. मी त्याच्या नावापुढे लिहिलं: "कामात लक्ष नाही. सूचना ऐकत नाही. उद्धट." त्या शेऱ्यावरून त्याला मेमो गेला आणि त्या वर्षीचं इन्क्रिमेंट थांबलं.

आठ महिन्यांनी वार्षिक वैद्यकीय तपासणीत त्याची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झाली. डाव्या कानाने त्याला जवळजवळ ऐकू येत नव्हतं. चार वर्षं पॉवर प्रेससमोर उभं राहिल्याचा तो परिणाम होता. आवाजाने येणारा बहिरेपणा हा तेव्हाच्या कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत, सरकारला कळवायच्या आजारांत मोडायचा. तो दाखवायचा, कळवायचा आजार आहे. लपवायचा गुन्हा नाही. पण पोराला वाटलं, सांगितलं तर काढून टाकतील. आमच्या लाइनवर मशीनच्या उजवीकडे चिप कन्व्हेअर, म्हणजे धातूचा कीस वाहून नेणारा पट्टा, होता, त्यामुळे सुपरवायझर नेहमी ऑपरेटरच्या डाव्या अंगाने यायचा. मीही तशीच यायचे आणि त्याच्या बंद कानात बोलून निघून जायचे. "सूचना ऐकत नाही" हे मी लिहिलेलं वाक्य अक्षरशः खरं होतं. त्याचा मी लावलेला अर्थ मात्र पूर्ण खोटा होता.

त्याहून मला जास्त लागलं ते वेगळंच. शेरा लिहिल्यानंतरचे आठ महिने मी त्याच्यात फक्त तो शेराच बघत होते. शिफ्टच्या दहा मिनिटं आधी येणं, जाताना मशीन पुसून टाकणं, शेजारच्या नव्या हेल्परला टूल लावायला शिकवणं, हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. मला ते मोजावंसं वाटलं नाही. माझं मोजून झालं होतं.

पाहिलं काय आणि लावलं काय

तेव्हापासून मी डायरी बदलली. तुम्हीही साधी दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं लिहायचं, तेही असं की सीसीटीव्हीत कुणी तिसऱ्याने बघितलं तरी त्याने तेच लिहिलं असतं. "आळशी आहे" हे डाव्या पानावर चालणार नाही. "मंगळवार, १०.२०, मशीन ४ बंद, ऑपरेटर स्टुलावर बसलेला, दहा मिनिटांनी परत पाहिलं तेव्हाही बसलेला" हे चालेल. उजव्या पानावर तुमच्या मनात आलेला अर्थ लिहा, लपवू नका. पण त्याच्याखाली आणखी दोन अर्थ लिहिल्याशिवाय पान उलटायचं नाही. मशीन ४ बंद का असेल? मटेरियल आलं नसेल. मेंटेनन्सला सांगून तो वाट बघत असेल. अंगात ताप असेल. बहुतेक वेळा दुसरा अर्थ सहज सुचतो, तिसऱ्यासाठी मात्र उठून मशीनपाशी जावं लागतं. तिसऱ्याची अट त्यासाठीच आहे.

काही शब्द माझ्या वर्गात डाव्या पानावर बंदच आहेत: नेहमी, कधीच, मुद्दाम, ॲटिट्यूड. "नेहमी उशिरा येतो" असं कुणी म्हणालं की मी म्हणते, पंचिंगचा रेकॉर्ड काढ. महिन्यात दोन वेळा निघतं, आणि दोन्ही वेळा त्या दिवशी तुम्हाला वरून बोलणी बसलेली असतात.

मग विचारायचं कसं? "का केलंस?" असं विचारलं की माणूस बचावाला लागतो. "कुठं अडलं?" असं विचारलं की तो काम दाखवायला लागतो. केबिनमध्ये बोलावू नका, मशीनपाशीच उभं राहून विचारा. आणि शिफ्ट सुटतानाची वेळ टाळा. बस चुकली तर पुढे तासभर थांबावं लागणाऱ्या माणसाचं उत्तर तुम्हाला तुटक वाटणार, आणि तुम्ही डायरीत "उर्मट" लिहून मोकळे होणार.

हे एकट्या माझ्या डोळ्यांचं दुखणं नाही, हे मला पुढे वाचनातून कळलं. १९६७ साली जोन्स आणि हॅरिस या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोबद्दलचे निबंध वाचायला दिले, काही बाजूने लिहिलेले, काही विरोधात. लिहिणाऱ्याला बाजू नेमून दिली होती, त्याला निवड नव्हती, हे वाचणाऱ्यांना स्पष्ट सांगितलेलं असतानाही त्यांनी धरलं ते हेच, की निबंधात जे लिहिलंय ते थोडंफार त्याचं स्वतःचं मत असणार. परिस्थिती समोर ठेवली तरी आपण दोष किंवा श्रेय माणसाच्या स्वभावालाच चिकटवतो. आमच्या शेडमध्ये तर परिस्थिती कुणी समोरही ठेवत नाही. चिप कन्व्हेअर उजवीकडे आहे, हे कोण सांगायला येणार?

माणसाआधी मशीन बदला

रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढलं की पहिलं बोट ऑपरेटरकडे जातं. त्यावर मी एक खेळ घेते. तो माझा नाही, डेमिंग यांचा आहे. १९५० साली जपानमध्ये जाऊन तिथल्या कारखानदारांना क्वालिटी शिकवणारे ते हेच. त्यांच्या पेटीत ४००० मणी असायचे: ३२०० पांढरे, ८०० लाल. पन्नास खड्ड्यांची एक पट्टी मण्यांत बुडवून काढायची. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे रिजेक्ट.

मी मणी तुळशीबागेतून आणले आणि पट्टी आमच्या पॅकिंगच्या सुताराकडून करून घेतली. सहा जणांना कामगार करते आणि मी कडक सुपरवायझर होते. ज्याच्या पट्टीत सहाच लाल आले त्याचं टाळ्या वाजवून कौतुक. ज्याला चौदा आले त्याला सगळ्यांसमोर विचारायचं, "काल तर बरं काम केलंस, आज काय झालं?" पेटीत वीस टक्के लाल मणी आहेत, म्हणजे पन्नासात सरासरी दहा येणारच आणि कधी सहा, कधी चौदा होणारच. हे सगळ्यांना आधी माहीत असतं. तरीही तिसऱ्या फेरीपर्यंत चौदावाल्याचा चेहरा खरोखर पडलेला असतो. सहावाला पट्टी एका ठरावीक कोनात, हळूच बाहेर काढायला लागतो, जणू त्याला युक्ती सापडली आहे. एका बॅचमध्ये एक मुलगी शेवटी म्हणाली, "मॅडम, खेळ आहे हे ठाऊक असूनही मला घरी जावंसं वाटत होतं." तिचं ते वाक्य मी पुढच्या प्रत्येक बॅचला सांगत आले.

शॉप फ्लोअरवर याचा उपयोग सोपा आहे. एखाद्याच्या नावावर रिजेक्शन दिसलं की आठवडाभर त्याला दुसऱ्या मशीनवर द्या आणि त्याच्या मशीनवर तुमचा भरवशाचा माणूस लावा. रिजेक्शन माणसाबरोबर गेलं तर त्याला शिकवा. मशीनपाशीच राहिलं तर पार्ट पकडून ठेवणारं फिक्स्चर उघडा. मी हे दहा-बारा वेळा तरी केलं असेल. बहुतेक वेळा रिजेक्शन जागचं हललं नाही.

एकच पार्ट, दोन वेळा

आता तुमच्या डोळ्यांचं कॅलिब्रेशन. हा भाग वेळ काढून कराच.

व्हिज्युअल इन्स्पेक्शनचे तीस पार्ट घ्या. काही उघड चांगले, काही उघड खराब आणि निदान दहा अधलेमधले: बारीक डेंट, कडेला किंचित बर (कापताना उरलेली धार), फिकट डाग. प्रत्येकावर तळाला नंबर टाका, तपासणाऱ्याला दिसणार नाही असा. तीन इन्स्पेक्टरांना वेगवेगळं बसवून "पास की रिजेक्ट" लिहायला सांगा. दुसऱ्या दिवशी तेच पार्ट, क्रम बदलून, त्याच तिघांना द्या. तिघांचं आपसात जुळत नाही याचं लोकांना फारसं नवल वाटत नाही. धक्का बसतो तो माणसाचं स्वतःशीच जुळत नाही तेव्हा. सोमवारी पास केलेला पार्ट त्यानेच मंगळवारी रिजेक्टच्या ट्रेमध्ये टाकलेला असतो. मोजमापाच्या गेजला आपण हिशेब लावतो: गेज आणि मोजणारा मिळून येणारी चूक दहा टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, तिसाच्या वर गेली तर ती पद्धत बाद. शेरा लिहिणाऱ्या डोळ्याला असा आकडा कुणी लावलेला मी पाहिला नाही.

एकदा आम्हाला नसता घोळ सापडला. कॉन्ट्रॅक्टच्या कामगारांच्या बिनवर, म्हणजे मालाच्या खोक्यावर, पिवळा टॅग असायचा, परमनंटच्या बिनवर निळा. अधलेमधले पार्ट पिवळ्या बिनमधले असले की रिजेक्ट व्हायचे आणि निळ्यातले सुटायचे. कुणी ठरवून करत नव्हतं. तपासणाऱ्या मुली प्रामाणिक होत्या, आणि त्यांच्यातल्या दोघी स्वतः कॉन्ट्रॅक्टवर होत्या. मी टॅग काढून सगळ्या बिनना नुसते नंबर दिले. कुणाचा माल कोणता, याची यादी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. पंधरा दिवसांत दोन्ही गटांचे आकडे जवळ आले. कुणाला रागावले नाही, कुणाला शिकवलंही नाही. जे दिसायला नको होतं ते फक्त झाकलं.

हे करताना तपासणीच्या टेबलावरची ट्यूबही बघा. आमची एक ट्यूब महिनाभर लुकलुकत होती आणि त्या महिनाभरात संध्याकाळची मुलगी "निष्काळजी" ठरली होती.

मुलाखतीत बोलण्याआधी मोजायला द्या

पुण्यात मुलाखतीला बसलेला माणूस समोरच्याच्या पहिल्या वाक्यावर किती निकाल देऊन टाकतो, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय. विदर्भातला मुलगा "मी डिप्लोमा करून राहिलो" म्हणाला, लातूरकडचा "शिकायलोय" म्हणाला, कुणी "मला नोकरी भेटली" म्हणालं किंवा पाण्याला "पानी" म्हणालं, की टेबलाच्या या बाजूला एक बारीक हसू उमटतं. माझ्या पहिल्या मुलाखतीत मी "काल पण आलते" म्हणाले. आमच्याकडे तसंच म्हणतात. समोरचे दोघे एकमेकांकडे बघून हसले. पुढची वीस मिनिटं मी प्रत्येक शब्द तोलत बसले आणि टॉलरन्सवरच्या, म्हणजे मापात किती फरक चालतो यावरच्या, अगदी साध्या प्रश्नालाही अडखळले. तिथे नोकरी मिळाली नाही. त्यांना वाटलं असणार, हिला विषय येत नाही. त्यांच्या हसण्यानेच माझं उत्तर बिघडवलं आणि मग त्याच उत्तराने त्यांचं मत पक्कं केलं. नजर माणसाचं वागणं बदलते आणि बदललेलं वागणं नजरेला पुरावा म्हणून मिळतं, हे मी पुस्तकात वाचण्याआधी तिथे खुर्चीत बसून भोगलं.

पहिलं ऐकलेलं पुढच्या सगळ्याला रंग देतं, हे सॉलोमन ॲश यांनी १९४६ सालीच दाखवलं होतं. एका माणसाची सहा विशेषणं: हुशार, उद्योगी, उतावळा, टीकाखोर, हट्टी, मत्सरी. एका गटाला याच क्रमाने ऐकवली, दुसऱ्याला उलट्या क्रमाने. शब्द तेच, पण हुशारपासून सुरू झालेला माणूस लोकांना चांगला वाटला आणि मत्सरीपासून सुरू झालेला वाईट.

म्हणून क्रम बदला. आमच्याकडे उमेदवार आला की आधी त्याला टर्निंग केलेला एक पार्ट, ड्रॉइंग, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर द्यायचे. दहा मापं, वीस मिनिटं. कागदावर नावाऐवजी नंबर. ते कागद मी आधी तपासायचे, आणि मगच माणूस समोर यायचा. सगळ्यांना तेच पाच प्रश्न, त्याच क्रमाने. मुलाखत घेणाऱ्या तिघांनी आपले गुण लिहून कागद पालथा ठेवल्याशिवाय आपसात बोलायचं नाही, कारण साहेबांनी एकदा "मुलगा बरा वाटतो" म्हटलं की बाकीचे दोन कागद आपोआप तसेच भरले जातात. या पद्धतीने आलेला एक "करून राहिलो"वाला मुलगा पुढे आमच्या गेज रूमचा सगळ्यात काटेकोर माणूस निघाला.

अप्रेझल उभं भरा

मार्चमध्ये बारा माणसांचे फॉर्म समोर येतात. एकेक माणूस घेऊन त्याचे दहाही रकाने ओळीने भरत जाणं ही सवय आधी मोडा. थॉर्नडाइक यांनी १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य हे वेगवेगळे रकाने होते, पण ज्याला एकात जास्त गुण त्याला सगळ्यांतच जास्त, असं निघालं. शरीराने धिप्पाड म्हणून चारित्र्यालाही चांगले गुण. आपणही तेच करतो. म्हणून "वेळेवर येणं" हा एकच रकाना घ्या आणि बाराही जणांचा भरा, पंचिंग समोर ठेवून. चहा घ्या. मग "नव्याला शिकवणं" हा रकाना, पुन्हा बाराही जणांचा. प्रत्येक आकड्यामागे डायरीतल्या डाव्या पानाची तारीख लिहा. तारीख सापडली नाही तर तो आकडा पेन्सिलने लिहा आणि त्या माणसाशी बोलून मगच पक्का करा. आणि तारखा नीट बघा: सगळ्या फेब्रुवारी-मार्चच्याच असतील तर तुम्ही वर्षाचं नाही, दोन महिन्यांचं अप्रेझल करताय.

चांगल्या मताचाही झिरो बघायचा असतो, आणि ते जास्त अवघड. आमच्याकडे एक मामा होते, वयाने मोठे, हात सोन्याचा. मला लेकीसारखं वागवायचे. त्यांची लॉगशीट मी कधी वाचलीच नाही, सही करून पुढे सरकवायचे. एक दिवस ग्राहकाकडून माल परत आला. मी मागच्या शीट काढल्या तर दर तासाचं माप तेच: २४.९८, २४.९८, २४.९८. टूल झिजतं, कूलंट तापतं, खरी मापं अशी एका जागी राहत नाहीत. मामांची नजर अधू झाली होती आणि व्हर्नियरच्या बारीक रेघा त्यांना दिसत नव्हत्या. त्यांना डिजिटल व्हर्नियर आणि चष्मा मिळायला हवा होता, तो एक वर्ष उशिरा मिळाला. माझा त्यांच्यावर विश्वास होता, म्हणूनच त्यांची अडचण मला दिसली नाही.

मीटिंगमध्ये आधी लिहा

रिजेक्शनच्या मीटिंगमध्ये प्रॉडक्शनला मेंटेनन्सची चूक दिसते, मेंटेनन्सला टूल रूमची, टूल रूमला पर्चेसने घेतलेल्या स्वस्त इन्सर्टची, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या टोकांची. सगळे खोटं बोलतात असं नाही. १९५८ साली डिअरबॉर्न आणि हर्बर्ट सायमन यांनी एका कंपनीच्या २३ अधिकाऱ्यांना एका स्टील कंपनीची हकीकत वाचायला देऊन विचारलं, सगळ्यात महत्त्वाची अडचण कोणती? विक्री विभागाच्या सहांपैकी पाच जणांनी विक्री लिहिलं. बाकीच्या सतरांपैकी फक्त पाच जणांनी. हकीकत सगळ्यांना एकच होती. यावर माझा उपाय एवढाच: मीटिंग सुरू होताना पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन कारणं लिहायची, एक दुसऱ्या विभागातलं आणि एक स्वतःच्या विभागातलं. दुसरी ओळ कोरी चालणार नाही. पहिल्या दोन मीटिंगला लोक कुरकुरतात. तिसऱ्यापासून त्या दुसऱ्या ओळींतूनच खरं काम निघतं.

कुणाशी किती बोलता, ते मोजा

इस्रायली लष्करातला १९८२ सालचा अभ्यास मी प्रत्येक बॅचला सांगते. ईडन आणि शानी यांनी १०५ प्रशिक्षणार्थींपैकी काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडलं आणि प्रशिक्षकांना सांगितलं की यांच्यात मोठी क्षमता आहे. कोर्स संपला तेव्हा त्यांचे गुण खरोखर जास्त निघाले. प्रशिक्षकांनी काही जादू केली नव्हती. ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याला आपण जास्त समजावतो, अवघड काम देतो, चुकला तर पुन्हा संधी देतो.

आमच्या ट्रेनींच्या बाबतीत मी एक आठवडा खिशात छोटी चिठ्ठी ठेवली आणि ज्याच्याशी बोलले त्याच्यापुढे रेघ मारली. नुसतं "हे उचल, ते ठेव" असेल तर आडवी रेघ, काही समजावलं तर उभी. शनिवारी पाहिलं, आठ ट्रेनींपैकी तिघांच्या वाट्याला जवळजवळ सगळ्या उभ्या रेघा. दोन मुलांपुढे आठवडाभरात एकही नाही. त्या दोघांना मी मनातल्या मनात "मंद" म्हणत होते. पुढच्या आठवड्यात ठरवून रोज त्यांच्यापाशी आधी गेले. दोघांतला एक झटकन वर आला. दुसऱ्याला वेळ लागला, आणि त्याला मशीनपेक्षा स्टोअरचं काम आवडतं हे त्याच्याशी बोलल्यावरच कळलं.

या सगळ्याला एक अपवाद आहे. प्रेसचं दोन हातांनी दाबायचं बटण कुणी टेप लावून एकावर आणलेलं दिसलं, किंवा गार्ड काढून मशीन चालू दिसलं, तर डायरी बाजूला ठेवा आणि मशीन आधी बंद करा. तिथे तीन अर्थ शोधायला थांबायचं नाही. बोटं गेल्यावर परत येत नाहीत. टेप का लावली हे मशीन थांबल्यावर विचारा. बहुतेक वेळा टार्गेट आवाक्याबाहेर होतं हेच निघतं.

शेरा चुकला असेल तर

लेखी चूक तोंडी माफीने मिटत नाही. ऑडिओमेट्रीचा रिपोर्ट आला त्या दिवशी मी त्या मुलाला मशीनपाशी भेटले, उजव्या बाजूने, आणि माझं चुकलं असं सांगितलं. तो नुसतं "असू द्या मॅडम" म्हणाला. पण त्याची फाइल तशीच होती. उद्या माझ्या जागी दुसरा कुणी आला असता, तर त्याने "उद्धट" वाचूनच सुरुवात केली असती. म्हणून मी पर्सोनेलला लेखी पत्र दिलं: अमुक तारखेचा शेरा चुकीच्या समजुतीवर लिहिला गेला, कारण हे, रिपोर्ट सोबत जोडला आहे, मेमो मागे घ्यावा आणि थांबवलेलं इन्क्रिमेंट मागील तारखेपासून द्यावं. साहेब म्हणाले, यात तुमचीच चूक रेकॉर्डवर येते. मी म्हटलं, यायलाच हवी.

इन्क्रिमेंट मिळायला पाच महिने लागले आणि चार वेळा मागे लागावं लागलं. दरम्यान कन्व्हेअर हलवता आला नाही, म्हणून मशीनवर पिवळा दिवा बसवला: सुपरवायझरला बोलायचं असलं की बटण दाबायचं, दिवा लागला की ऑपरेटर मान वळवणार. महिन्याभरात शेजारच्या लाइनवाल्यांनीही तसाच दिवा मागून घेतला. मेमोचा मूळ कागद फाइलमधून काढता येत नाही, तसा नियमच होता. माझं पत्र त्याच्यावरच टाचलं, म्हणजे फाइल उघडणाऱ्याला आधी ते वाचावं लागेल.